पालीचे पोट आणि टँकचे तापमान

पाळलेला लेपर्ड गेको आठ दिवस काही खात नाही. टँकच्या कोपऱ्यात विष्ठा दिसत नाही, किंवा दिसते ती पातळ आणि उग्र वासाची. शेपूट पूर्वीपेक्षा बारीक वाटू लागते. मालकाच्या मनात पाल चुकचुकते आणि पहिला प्रश्न येतो तो हा, की याला औषध कोणते द्यावे? उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कोणी एरंडेलाचे दोन थेंब सुचवतो, कोणी कोमट पाण्यात बसवायला सांगतो, कोणी माणसाच्या जुलाबाच्या गोळीचा कण विरघळवून पाजायला सांगतो. दुकानदार एखादी 'पाचक' पूड हातात ठेवतो. यातला एखादा उपाय कधीमधी लागूही पडतो. पण मुळात प्रश्नच चुकलेला असतो. आधी विचारायला हवे ते हे, की या प्राण्याच्या पोटाखालची जमीन किती गरम आहे?

लेपर्ड गेको म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली, जाड शेपटीची पाल. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. घरच्या भिंतीवरच्या पालीशी तिचे नाते असले तरी फरक बरेच आहेत. या गेकोला पापण्या असतात, तो डोळे मिटू शकतो. पायांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्याने भिंतीवर चढणे त्याला जमत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ, झुडपी प्रदेशातला हा रहिवासी आज अमेरिका आणि युरोपात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक झाला आहे. तिकडे त्याची पैदास कित्येक पिढ्या बंदिस्त जागेतच होते आहे. भारतातल्या मोठ्या शहरांतही आता हा छंद दिसू लागला आहे. वजन जेमतेम ५० ते ८० ग्रॅम, आवाज नाही, फिरायला न्यावे लागत नाही, रोज खायला लागत नाही. 'सोपा प्राणी' अशी त्याची ख्याती आहे, आणि त्याच्या पोटाच्या बहुतेक तक्रारी या ख्यातीतूनच सुरू होतात. नीट सांभाळला तर हा प्राणी १५ ते २० वर्षे जगतो, म्हणजे बहुतेक कुत्र्यांपेक्षा जास्त. हे प्राणी विकत घेताना फारसे कोणी सांगत नाही.

माणसासारखा सस्तन प्राणी अंगातली ऊब स्वतः तयार करतो. बाहेर थंडी असो की उन्हाळा, त्याच्या जठरातले तापमान जवळजवळ तेच राहते. सरपटणाऱ्या प्राण्याला ही ऊब उसनी घ्यावी लागते. यात त्याचा फायदाही आहे. अंग गरम ठेवण्यात अन्न जाळावे लागत नसल्याने थोडक्या खाण्यावर तो दीर्घकाळ तग धरतो. तोटा असा, की उसनी ऊब मिळाली नाही तर पोटात गेलेले अन्नही उपयोगाचे राहत नाही. पाचकरस ठरावीक तापमानातच नीट काम करतात. आतड्याच्या भिंतीतले स्नायू अन्न पुढे ढकलतात तेही उबेच्या जोरावर. पोटातल्या जंतूंना आवरणारी प्रतिकारशक्तीसुद्धा थंडीत मंदावते. एखादा रातकिडा अख्खा गिळलेला आणि अंगात मात्र खोलीइतकीच ऊब, अशी स्थिती असेल तर तो किडा पचत नाही, सडतो. मग गेको तो तसाच ओकून टाकतो, किंवा पोट फुगते, किंवा अर्धवट पचलेली, दुर्गंधीयुक्त विष्ठा पडते. मालकाला वाटते, पोट बिघडले. पोट खरे तर ठीक असते, त्याला चालवणारी बाहेरची भट्टी विझलेली असते.

निसर्गात ही भट्टी म्हणजे दगड. गेको दिवसभर कपारीत किंवा बिळात दडून राहतो आणि सूर्य मावळताना बाहेर पडतो. हवा तेव्हा निवू लागलेली असते, पण दिवसभर तापलेला खडक अजून गरमच असतो. त्याला पोट लावून पडले, की ऊब थेट आतड्यांपर्यंत पोहोचते. पाळणाऱ्याला याचीच नक्कल करायची असते. टँकच्या एका टोकाला, तो लपतो त्या जागेची जमीन साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे टोक २४ ते २६ अंश असावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. दोन टोके वेगळी ठेवण्याला महत्त्व आहे. केव्हा गरम व्हायचे आणि केव्हा निवायचे हे गेकोला कळते, फक्त त्याला निवड करता आली पाहिजे. सगळा टँक एकसारखा गरम करणे हे सगळा टँक थंड ठेवण्याइतकेच चुकीचे आहे.

इथे एक साधी गोष्ट फार वेळा चुकते. तापमान मोजले जाते ते काचेला आतून चिकटवलेल्या गोल काट्याच्या थर्मामीटरने. तो दाखवतो काचेजवळच्या हवेचे तापमान, तेही बऱ्याचदा अचूक नसते. गेको झोपतो जमिनीवर. त्या जागेवर डिजिटल थर्मामीटरची तार ठेवली, किंवा लांबून तापमान मोजणारे इन्फ्रारेड थर्मामीटर वापरले, तर आकडा अगदी वेगळा निघू शकतो. दुसरी चूक याच्या उलट. खाली लावलेली हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय चालू ठेवली जाते. मॅटला कुठे थांबायचे ते कळत नाही, ती जमीन भाजण्याइतकी तापवू शकते, आणि गेकोच्या पोटाची कातडी पोळल्यावरच ते लक्षात येते. 'हीट रॉक' नावाने विकले जाणारे विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने बदनाम आहेत. थर्मोस्टॅट ही चैनीची वस्तू नाही. पैसे मोजकेच असतील तर टँकची सजावट, प्लास्टिकची निवडुंगे आणि कवट्या सोडून द्याव्यात आणि थर्मोस्टॅट घ्यावा.

महाराष्ट्रात कोणी हा प्राणी पाळत असेल तर त्याला एक जादा सावधगिरी हवी. 'आपल्याकडे उकाडाच असतो, गरम करायची गरज काय?' हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो. पण पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या रात्री किंवा रात्रभर एसी चालणारी मुंबईतली खोली गेकोच्या पोटासाठी थंडच असते. आणि विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो, तिथे टँकचे थंड टोक थंड राहील कसे हे पाहावे लागते.

तापमानानंतर सर्वाधिक चर्चा होते ती वाळूची. गेको म्हणजे वाळवंट आणि वाळवंट म्हणजे वाळू, हे समीकरण दुकानाच्या काचेआड देखणे दिसते. प्रत्यक्षात या प्राण्याचा मूळ प्रदेश टेकड्यांचा, दगडगोट्यांचा आणि घट्ट बसलेल्या मातीचा आहे, वाहत्या वाळूच्या टेकाडांचा नाही. सुटी वाळू टँकमध्ये असली, की भक्ष्यावर झडप घालताना ती तोंडात जाते आणि आतड्यात साचू शकते. याला इंग्रजीत 'इम्पॅक्शन' म्हणतात. साध्या भाषेत, आतडे चोंदणे. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणखी वाईट. सर्वांत संतापजनक प्रकार म्हणजे 'कॅल्शियमची, पचणारी' म्हणून विकली जाणारी रंगीत वाळू. ती खाल्ली तरी चालते असे सांगितल्याने मालक निर्धास्त होतो आणि चवीमुळे गेको ती चाटतो. हा माल बाजारातून नाहीसा झाला तर गेकोचे काहीही बिघडणार नाही.

तरीही सगळा दोष वाळूवर टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. वाळू दिसते, एक्स-रेमध्येही दिसते, म्हणून ती गुन्हेगार ठरते. ऊब नीट मिळणारा, पाणी पिणारा, कॅल्शियम पुरेसे असलेला धडधाकट प्रौढ गेको चार कण गिळून विष्ठेवाटे सहज टाकून देतो. रानातले गेको हेच करत असणार. चोंदते ते बहुधा आधीच मंदावलेले आतडे, म्हणजे थंड पडलेले, कोरडे पडलेले किंवा कॅल्शियमला मुकलेले. नुसती वाळू काढून कागद अंथरला आणि बाकी काही बदलले नाही, तर दुखणे थोडे पुढे ढकलले जाते, एवढेच. पिल्लांसाठी, आजारी आणि नव्याने आणलेल्या गेकोसाठी मात्र टिश्यू पेपरला पर्याय नाही. त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते, हा त्याचा दुसरा आणि मोठा फायदा.

कॅल्शियमचा संबंध हाडांशी आहे हे सर्वांना ठाऊक असते, आतड्यांशी आहे हे फारसे नसते. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागते आणि आतडे हाही स्नायूच. गेको खातो ते किडे कॅल्शियमच्या बाबतीत निकृष्ट असतात, त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. म्हणून भक्ष्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची असते, अधूनमधून ड जीवनसत्त्वासह, आणि साध्या कॅल्शियमची एक छोटी वाटी टँकमध्ये ठेवायची असते. कमतरता असलेला गेको ती भूक वाळू-माती चाटून भागवू पाहतो. माती खाणाऱ्या लहान मुलाला ओरडून उपयोग नसतो, त्याच्या अंगात काय कमी आहे ते पाहावे लागते. इथेही तसेच.

भक्ष्याचेही तसेच. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, असा एक ढोबळ पण उपयोगी दंडक आहे. रातकिडे, पैदास केलेली डुबिया झुरळे, पिठातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या हे नेहमीचे खाद्य. किड्यांना आदल्या दिवशी भाज्या आणि चांगले खाद्य घालून पुष्ट करायचे, कारण किड्याच्या पोटात जे असते तेच गेकोच्या पोटात जाते. मेणअळ्या गेकोला फार आवडतात, पण त्या चरबीने भरलेल्या. पेढा रोज जेवायला वाढत नाहीत. स्वयंपाकघरातले झुरळ पकडून देण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कुठल्या सोसायटीतले औषध खाल्ले आहे हे सांगता येत नाही. काजवे तर चुकूनही नकोत. अमेरिकेतले काजवे खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या अंगातले विष हृदयावर परिणाम करते. आणि रात्री उरलेले रातकिडे टँकमध्ये सोडून देऊ नयेत, ते झोपलेल्या गेकोलाच कुरतडतात.

गेको खात नाही म्हणजे आजारीच, असेही नाही. कात टाकण्याआधी तो एक-दोन दिवस तोंड फिरवतो. प्रजननाच्या दिवसांत नर, अंडी तयार होताना मादी आणि थंडीच्या महिन्यांत दोघेही आठवडेच्या आठवडे कमी खातात. शेपटीतली चरबी ही त्यांची शिदोरी असते. मग काळजी कधी करायची? याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर मिळते. आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, गेकोला डब्यात घालून वजन करायचे आणि वहीत लिहायचे. ६० ग्रॅमच्या गेकोचे वजन ५९ आणि ६० मध्ये घुटमळत असेल तर उपास चालू द्यावा. ते ५४ वर आले, म्हणजे दहा टक्के घटले, तर पशुवैद्य गाठावा. पिल्लाच्या बाबतीत इतकी वाट पाहायची नसते, त्याच्या शेपटीत शिदोरी फारशी नसते. डोळ्यांना रोज दिसणारी शेपूट कधी बारीक झाली ते कळत नाही, काट्याला कळते.

दुसरी खूण म्हणजे विष्ठा. हा विषय किळसवाणा वाटेल, पण गेको याबाबतीत मालकाला मदत करतो. तो बहुधा टँकचा एकच कोपरा त्यासाठी वापरतो. निरोगी विष्ठा गडद तपकिरी, बांधलेली असते आणि तिच्याजवळ पक्ष्यांच्या विष्ठेत असतो तसा पांढरा भाग असतो. तो मूत्राचा घन अवतार. तो पिवळसर, खडखडीत झाला तर पाणी कमी पडते आहे. विष्ठा सतत पातळ, चिकट, आवयुक्त असेल, तिच्यात न पचलेले किडे दिसत असतील, तर तिचा नमुना तपासायला हवा. ताजा नमुना, वाळण्याआधी, बंद डबीत. पोटात कृमी निघाले तर त्यांवर औषधे आहेत आणि ती बहुधा गुण देतात. पण कोणते कृमी आणि किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. थोडेफार कृमी तर ठणठणीत गेकोतही सापडतात.

आतडे खरोखर चोंदले असेल तर चिन्हे वेगळी असतात. पोट ताठर आणि फुगलेले, त्याच्या पातळ कातडीतून गडद निळसर छटा दिसते, गेको कुंथतो पण काही बाहेर येत नाही, मागचे पाय लुळे वाटतात. कधी कुंथण्याने आतला लालसर भाग बाहेर येतो. हा शेवटचा प्रकार तातडीचा आहे. तो भाग स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, वाळू न देता, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवे. सुरुवातीच्या, साध्या बद्धकोष्ठात कोमट, उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवणे आणि टँकचे तापमान सुधारणे एवढे घरी करता येते आणि त्याने पुष्कळदा काम होते. पाणी पोटापर्यंत, नाकापर्यंत नाही, आणि नजर हटवायची नाही.

एरंडेल किंवा पॅराफिन तोंडात ओतणे हे मात्र धोक्याचे. ६० ग्रॅमच्या प्राण्याची श्वासनलिका जिभेमागे उघडी असते, धडपडणाऱ्या गेकोच्या तोंडात सोडलेला तेलाचा थेंब फुफ्फुसात जायला वेळ लागत नाही. पोट चोंदलेले असताना जबरदस्तीने भरवणे हेही प्रेमापोटी केलेले नुकसान. बाहेर जायची वाट बंद असताना आत आणखी कोंबले जाते. थंड गेकोला तर आधी ऊब द्यायची आणि मगच अन्न, हा क्रम कधीच बदलू नये. माणसांच्या औषधांबद्दल एक हिशेब पुरेसा आहे. ६० किलोचा माणूस ६० ग्रॅमच्या गेकोच्या हजारपट जड असतो. जुलाबावर दिली जाणारी ४०० मिलिग्रॅमची मेट्रोनिडॅझोलची गोळी घरच्या सुरीने हजार तुकड्यांत कापता येत नाही. आणि कापता आली तरी सरपटणाऱ्या प्राण्याचे यकृत औषध वेगळ्या वेगाने हाताळते, त्यामुळे हा त्रैराशिकाचा हिशेबही चुकतो. मात्रा जास्त झाली तर हेच औषध मज्जासंस्थेला इजा करते. मग गेको तोल जाऊन पडू लागतो आणि मालकाला वाटते, आजार बळावला.

इथवर सांगितलेल्या बहुतेक तक्रारी टँक सुधारला की सुधारतात. एक आजार असा आहे, की तो सुधारत नाही, आणि त्याबद्दल छंदाच्या जगात पुरेसे स्पष्ट बोलले जात नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी गेकोच्या आतड्याच्या अस्तरात घर करतो. गेको खातो, निदान सुरुवातीला, पण अंगी लागत नाही. विष्ठा पातळ होते, शेपूट काडीसारखी होते, पाठीचा कणा वर दिसू लागतो. तापमान बरोबर, कॅल्शियम बरोबर, तरी वजन घसरतच राहते, तेव्हा या आजाराचा संशय घ्यायचा. खात्री करण्यासाठी विष्ठेची पीसीआर चाचणी उपलब्ध आहे, पण परजीवी रोज बाहेर पडत नसल्याने एक चाचणी निर्दोष आली म्हणून सुटका होत नाही, ती पुन्हा करावी लागते. खात्रीने बरे करणारे औषध आजही नाही. पॅरोमोमायसिनसारख्या औषधाने काहींची प्रकृती काही काळ सुधारते, परजीवी मात्र पूर्ण जाईलच असे नाही.

या परजीवीच्या बीजांडांचे कवच किती चिवट असते याची कल्पना माणसांनी एकदा मोठी किंमत मोजून घेतली आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात याच कुळातील परजीवी शिरला. पाण्यात क्लोरीन होते, तरी सुमारे चार लाख लोकांना जुलाब झाले. गेकोत सापडणारी जात वेगळी आहे आणि ती माणसाला होत असल्याचे दिसलेले नाही. पण टँक ब्लीचने धुतला म्हणजे झाले, हा समज किती पोकळ आहे ते यातून कळते. आजारी गेकोची लाकडे, दगड, लपायच्या कपारी नव्या गेकोला देणे म्हणजे आजारच देणे. त्या फेकून द्याव्यात. नवा गेको आणला तर तो दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने खायला घालून, विष्ठेची तपासणी करूनच जुन्यांजवळ आणावा. आधी निरोगी गेकोला खायला घालायचे आणि मग नव्याला. एका टँकमधून उरलेला रातकिडा दुसऱ्या टँकमध्ये टाकण्याची काटकसर तर बंदच करावी, कारण तो किडा दरम्यान विष्ठेवर चालून आलेला असतो.

आजाराची खात्री झाली आणि गेको काडीसारखा होऊन पडून राहू लागला, तर पशुवैद्य त्याला वेदनारहित मरण देण्याचा सल्ला देतात. हा सल्ला ऐकणे जड जाते, विशेषतः घरातल्या मुलाने त्याला नाव ठेवलेले असते तेव्हा. पण रोज तोंड उघडून पातळ अन्न भरवत दोन महिने काढण्यात गेकोचे भले किती आणि माणसाच्या मनाचे समाधान किती, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक जण ते सांगायचे टाळतात. जो पैदास करणारा आपल्याकडे हा आजार निघाला हे लपवून उरलेली पिल्ले विकतो, त्याच्याबद्दल तर सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही.

पोटाचा हा सगळा व्यवहार माणसाच्या पोटाशीही जोडलेला आहे. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्याला त्यांचा त्रास नसतो, माणसाला असतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला स्पष्ट आहे: पाच वर्षांखालील मुले, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे ज्या घरात आहेत तिथे सरपटणारे प्राणी पाळू नयेत. गेकोला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची कोमट आंघोळ स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नये. याच जिवाणूमुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुले ती पिल्ले तोंडात घालत.

कासवांचे उदाहरण यासाठी, की पाळीव प्राण्यांच्या बाजाराला नियम लावता येतात आणि त्यांचा उपयोग होतो. इंग्लंडमध्ये २०१८ च्या परवाना नियमांनी विक्रेत्याला प्राण्याच्या निगेची माहिती खरेदीदाराला देणे बंधनकारक केले. भारतातही त्याच वर्षी पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले, दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पण माहितीपत्रक घरी नेऊन कोणी वाचत नाही, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर शोधावे लागतात. अशा वेळी चूक होण्याआधीच अडवणे हाच स्वस्त मार्ग. हौशी माणसाने रानातला गेको उचलून आणण्याचा विचार तर करूच नये. महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात आणि सातपुड्यात या गेकोचे जवळचे भाऊबंद राहतात. सातपुड्यातली जात तर २०१४ मध्येच शास्त्राला नव्याने कळली. कायद्याचा प्रश्न वेगळाच, पण पकडल्याच्या धक्क्याने आणि रानातून सोबत आलेल्या कृमींनी असा प्राणी टँकमध्ये फार काळ तगत नाही.

दुकानदारांना करता येण्यासारखी गोष्ट सोपी आहे. गेको आवडला म्हणून त्याच दिवशी डब्यात घालून देऊ नये. ग्राहकाला आधी टँक, थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर घरी न्यायला सांगावे. दोन दिवस टँक चालू ठेवून गरम टोकाच्या जमिनीवरच्या आकड्याचा फोटो सकाळचा एक आणि मध्यरात्रीचा एक असा आणायला लावावा. दोन्ही फोटोंत आकडा तिशीच्या वर पण ३३ च्या आत असेल, तर गेको आणि त्याच्या विष्ठेच्या तपासणीचा कागद हातात द्यावा. ग्राहक कंटाळून परत आलाच नाही, तर तो गेको दुकानातच बरा.